लादीचं पाणी

वहिनींनी माझ्या हातातली बाटली घेतली आणि बेसिनमध्ये उलटी केली. माझ्यासमोर. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवली.

"फिल्टरचं घरच्यांसाठी आहे. तुला हवं तर त्या बादलीतलं घे. तेपण मशीनचंच."

मी भांडीवाली. परळच्या टॉवरमध्ये, बाविसाव्या माळ्यावर. पोरगी दहा महिन्यांची, लालबागला चाळीत सासूकडे ठेवून यायचे. आमच्या नळाला तेव्हा पिवळं पाणी येत होतं, उकळलं तरी वास जायचा नाही, पोरगी थुंकायची. म्हणून ती बाटली, वहिनींच्या फिल्टरचं पाणी घरी न्यायला.

मशीनमधून एक बारीक नळी निघायची, तिचं पाणी बादलीत. टप टप. मला वाटलं, मशीनचं म्हणजे चांगलंच असणार. वर "थँक्यू वहिनी" बोलले मी. चार दिवस नेलं. स्वतः घोटभर नाही प्यायले, सगळं तिला.

पाचव्या दिवशी बाटली भरताना त्यांची शाळेतली मुलगी किचनमध्ये आली. हसली. "मम्मी, ही लादीचं पाणी का नेते?"

वहिनी मोबाईलमध्ये बघत बोलल्या, "नेऊ दे गं. त्यांना काही होत नाही."

म्हणजे पाणी गाळून मशीन जे घाण फेकून देतं, ते. लादी पुसणारी बाई माझ्यानंतर यायची, त्याच बादलीत पोछा पिळायची. आणि घरी पोरीला कालपासून जुलाब. काम गेलं तर काय, सासू काय बोलेल, सगळं डोक्यात आलं, तरी ग्लास घेतला, बादलीत बुडवला, त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"वहिनी, हे प्या."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मशीनचंच आहे ना."

त्या खुर्ची सोडून मागे सरकल्या. ग्लासापासून लांब. मला तेवढंच बघायचं होतं. भांडी तशीच टाकून निघाले.

पोरगी तीन दिवस दवाखान्यात होती. वाचली. पण अजून मी वाटी-चमचा धरला की तोंड फिरवते. सासूच्या हातून पिते. कुठे काही ठिबकलं की मला ती नळीच ऐकू येते, भर दुपारी, माणसांत बसलेली असले तरी.

आता नवीन घरी गेले की कामाचं नंतर. आधी सांगते, "फिल्टरचा नळ माझ्यासमोर सोडा. मी पिणार, मग बोलू." दोन घरं गेली यात. जाऊ देत. मी न प्यायलेलं पाणी माझ्या पोरीच्या तोंडाला परत लागणार नाही.