फवारणीचे कपडे

मनीषाचा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दुसऱ्यांदा परत आला होता. आमच्या केमिस्ट्रीवाल्यांचा शेरा, हा विषय समाजशास्त्राचा. समाजशास्त्रवाले म्हणाले, बाटल्या आणि रसायनं आमच्याकडे कशाला? प्रोजेक्ट नाही तर निकाल नाही, आणि निकाल नाही तर पोरीचं एमएस्सी गेलं. घरी स्थळं येत होती, कोणी वर्षभर थांबणार नव्हतं.

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात सगळ्या शाखांसाठी स्त्री अभ्यास सुरू झाला, तेव्हा तो माझ्या गळ्यात पडला. मी केमिस्ट्रीचा माणूस. कुरकुर केली, पण प्राचार्यांपुढे काय चालणार? मग मी एक सर्व्हे फॉर्म छापला. कपाशीवर फवारणी कोण करतं, करणाऱ्याला त्रास काय होतो. पोरंपोरी गावोगाव फिरल्या. उत्तर सगळीकडे एकच, पुरुष. बायकांच्या फॉर्मवर आम्ही 'संबंध नाही' लिहून मोकळे झालो.

मनीषाच्या आईच्या हातांवर मात्र चट्टे होते, दर हंगामात उठणारे. मनीषा मला चाळीसगाव रस्त्याला तिच्या गावी घेऊन गेली. मी आईंना विचारलं, तुमचा औषधाशी संबंध येतो का?

"फवारनी त्या करतस, सर. मी नुसता कपडा धुस."

अहिराणीत त्या म्हणजे ते, मनीषाचे वडील, आबा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. औषधात भिजलेले कपडे बाई हातांनी घासते आणि आम्ही लिहितो संबंध नाही!

मनीषा मग हात धुऊन मागे लागली. कपडे धुतलेलं पाणी बाटल्यांत भरून एसटीने आणायची. लॅबमध्ये टीएलसी करायची. म्हणजे लेप दिलेल्या काचपट्टीवर नमुन्याचा थेंब टाकायचा आणि पट्टी द्रावकात उभी करायची. रसायनं वेगवेगळ्या उंचीवर चढून डाग सोडतात. शेजारी मूळ औषधाचाही थेंब असतो. दोन्ही डाग जुळले, की पाण्यात औषध असल्याचा संशय पक्का. तिचे जुळले. मी लॅबची किल्ली तिच्याकडे दिली.

हाच प्रोजेक्ट दोनदा परत आल्यावर शेवटी प्राचार्यांनी दोन्ही विभागप्रमुखांना समोरासमोर बसवलं. आमच्या साहेबांनी पट्टी उजेडात धरली.

"हा डाग साबणाचा नसेल कशावरून?"

"नुसत्या साबणाच्या पाण्याचीही केलीय, सर." मनीषाने दुसरी पट्टी पुढे सरकवली. तिच्यावर त्या उंचीला काहीच नव्हतं. "आणि ही रोजच्या कपड्यांच्या पाण्याची. हिच्यावरही नाही."

साहेबांनी तिन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. हे मलाही सुचलं नव्हतं, खरं सांगतो. इतका अभिमान मला स्वतःच्या पीएचडीचाही वाटला नव्हता.

समाजशास्त्राच्या मॅडमनी विचारलं, "आईला काय सांगितलंस?"

"आईला नाही, मॅडम. आबांना सांगितलं. आता हातमोजे घालून तेच धुतात."

प्रोजेक्ट मंजूर झाला, आणि कालपर्यंत नको म्हणणारे दोन्ही विभाग तो आमचाच म्हणून भांडू लागले. मनीषा एमएस्सीला गेली.

ॲसिडचे डाग पडलेला माझा लॅबकोट घरी कोण धुतं, हे तीस वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या रविवारी तो मी स्वतः धुवायला घेतला. बायकोने हातमोजे आणून दिले. तिचे होते, जुने, वापरून झिजलेले.