तांबडीचा ताप

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना सगळे वायरमनच म्हणत. उभी हयात खांबांवर चढण्यात गेली, विजेची कधी भीती वाटली नाही. पण परसातल्या कोंबड्यांपासून ते चार हात लांबच राहत. ते बायकोचं राज्य होतं. मग ती जिन्यावरून घसरली, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि वरच्या खोलीत पलंगावर पडल्या पडल्या तिने राज्य नवऱ्याकडे सोपवलं. दाणे टाकायचे, पाणी बदलायचं, अंडी वर आणून दाखवायची.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी तांबडी कोंबडी खुराड्यातून बाहेरच आली नाही. अंडी घालायच्या पेटीत ती अंग फुगवून, चपटी होऊन बसली होती. वायरमननी हात पुढे केला तर गुरगुरली आणि टोच मारली. धीर करून त्यांनी तिच्या पोटाखाली हात घातला. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि छातीची पिसं उपटून पेटीत पडलेली. समोर दाणे ठेवले तरी ढुंकून बघेना. हिला ताप भरलाय, ही काही यातून उठत नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं.

तांबडी बायकोची सगळ्यांत लाडकी. आणि बायकोला तर डॉक्टरांनी अजिबात दगदग करायची नाही, त्रास करून घ्यायचा नाही, असं बजावलेलं. त्यामुळे कोंबड्यांची चौकशी झाली की वायरमन म्हणत, सगळ्या मजेत आहेत. तांबडीने पेटी अडवल्यामुळे बाकीच्यांचीही अंडी कमी झाली. मग ते कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी आणून टोपलीत घालू लागले. तोंड मात्र उतरलेलंच असायचं, आणि जेवण चार घासांवर आलं होतं.

एके दुपारी बायकोने टोपलीतलं एक अंडं उचललं आणि खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिलं.

"अहो, आपल्या कोंबड्या पांढरी अंडी कधीपासून घालायला लागल्या?"

उन्हाने रंग उडाला असेल, असं वायरमननी म्हणून पाहिलं. मग त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं. खुर्ची ओढून ते बसले आणि ताप, पिसं, गुरगुरणं, सगळं सांगून टाकलं. परसात कुठे पुरायचं तेही आपण ठरवून ठेवलंय, हेसुद्धा.

बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. मधेच कधी उठून घाईघाईने खाते आणि परत जाऊन बसते का, एवढंच विचारलं. तसं त्यांनी एकदा पाहिलं होतं.

"खुडूक झालीय हो ती," बायको म्हणाली. "तिला पिल्लं काढायचीयत. आजार कसला आलाय."

ती इतकी हसली की पाय ठणकायला लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "तुमचं तोंड बघून मला वाटलं, डॉक्टरांनी माझ्या पायाबद्दल काहीतरी सांगितलंय आणि तुम्ही ते लपवताय."

हे वायरमनच्या स्वप्नातही नव्हतं. ते तडक उठले, कपाटातून एक्स-रे काढला, खिडकीच्या काचेवर धरला आणि हाड कसं सरळ जुळत चाललंय ते बोट ठेवून दाखवलं. बायकोने ते दोनदा बघून घेतलं आणि उशीला डोकं टेकलं.

तांबडीचं काम अजून उरलंच होतं. घरात कोंबडा नव्हता, त्यामुळे कुठल्याच अंड्यातून पिल्लू निघणार नव्हतं. ती नुसती बसून वाळत गेली असती. बायकोने सांगितलं तसा वायरमननी खाली-वर जाळी असलेला पिंजरा बांधला आणि पोटाला खालून वारा लागून तिची बसायची ओढ मोडावी म्हणून विटांवर ठेवला. आत दाणापाणी होतं, पण घरटं करायला गवताची काडी नाही. तांबडीने ओरडून आळी डोक्यावर घेतली. त्यांना ते ऐकवेना. लवकरच दार उघडलं, तशी ती पळत थेट पेटीत. बायकोची बोलणी खाऊन त्यांनी तिला पुन्हा कोंडलं. या वेळी मन घट्ट केलं.

अखेर एका सकाळी दार उघडल्यावर ती पेटीकडे फिरकलीही नाही. माती उकरली, धुळीत लोळून अंग झाडलं, दुसरीच्या चोचीतला किडा हिसकावला आणि कुंपणाकडे पळाली. वायरमननी खालूनच हाक मारून बायकोला हे सगळं सांगितलं. मग हात धुतले, भात गरम केला आणि दोन ताटं घेऊन ते वर गेले.