मी मैदानावर होतो

एका माणसाचा मी आयुष्यभर राग केला. त्याचा आवाज लाऊडस्पीकरवर आला की माझ्या पोटऱ्या ताठ व्हायच्या. कोल्हापुरात तेव्हा फुटबॉलच्या मॅचला माइकवर बोलणारे दोघे-तिघे होते, त्यांतला हा सगळ्यांत लाडका. इथले संघ तालमींचेच, तसल्या एका तालमीच्या संघाकडून पूर्वी खेळलेला, आता पोट सुटलेला. पण आवाज असा, की शेवटच्या पायरीवर बसलेल्या माणसालाही तो आपल्याशीच बोलतोय असं वाटायचं. मी त्याला मनात माइकवाला म्हणायचे, आणि इथेही तेच म्हणते.

मी गडहिंग्लजची. आप्पा एसटीवर ड्रायव्हर होते. आमच्या गावात पोरं चालायला लागली की बॉलमागं पळतात आणि पोरी कट्ट्यावर बसून बघतात. मी बसले नाही, एवढाच माझा आगाऊपणा. कॉलेजसाठी कोल्हापुरात थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, राहायला आले, तेव्हा सत्तरचं दशक अर्धं सरत आलं होतं. कॉलेजात खेळाच्या बाई होत्या, त्यांनी मुलींचा फुटबॉल संघ काढला. तालमींच्या पोरांचा सराव संपला की उरलेल्या उजेडात आम्हाला मैदान मिळायचं. बॉल दिसेनासा झाला की आमचा सराव संपला.

मी सेंटर हाफ. आमची गोलकीपर मुसलमान घरातली होती, तिच्या वडलांचं टेलरिंगचं दुकान होतं. आमच्या जर्सी त्यांनीच शिवल्या. मापं मात्र मुलीला घ्यायला लावली आणि स्वतः दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. चड्ड्या गुडघ्याखाली आल्या तेव्हा आम्ही कुरकुरलो. ते म्हणाले, "आज गुडघ्याखाली घाला. लोकांची नजर सरावली की मी वर घेतो." त्या चड्ड्या कधीच वर गेल्या नाहीत.

आम्ही दोघी राज्याच्या संघात निवडल्या गेलो. परराज्यात खेळायला गेलो तेव्हा शाळेच्या वर्गात बाकं सरकवून जमिनीवर झोपलो, आपापल्या जर्सी नळावर धुतल्या आणि ओल्याच घातल्या. परत आलो तेव्हा स्टँडवर घ्यायला फक्त आप्पा होते, तेही ड्युटीवर होते म्हणून.

त्यानंतर कोल्हापुरात पुरुषांच्या एका फायनलआधी मुलींची प्रदर्शनीय मॅच ठेवली. आम्ही हरखून गेलो. मैदान खचाखच भरलेलं. आम्ही रांगेनं आत गेलो आणि माइकवाला सुरू झाला.

"आता मैदानात येत्यात आपल्या भगिनी. चुलीवरचं कालवण उतरवून आलाय न्हवं?"

सगळं मैदान हसलं. आम्हाला वाटलं, एकदा बोलला, झालं. तो थांबला नाही. गोलकीपरनं सूर मारून बॉल अडवला तर म्हणाला, "हळू बाई, अंगाखाली बॉल फुटंल." कुणी पडलं तर म्हणाला, "चुडा जपा." लोक मॅच बघत नव्हते, त्याच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होते.

उत्तरार्धात आम्हाला कॉर्नर मिळाला. बॉल पहिल्या खांबापाशी एकीच्या डोक्याला लागून उलटा फिरला आणि माझ्यापुढं पडला. उजवीकडं घ्यायला जागा नव्हती. मी तो जमिनीला लागायच्या आत डाव्या पायानं मारला. बॉल दोघींच्या मधून गेला आणि खांबाला आतून घासून जाळीत बसला. इतका चांगला गोल मी आधी केला नव्हता आणि नंतरही केला नाही. माइकवाला काय म्हणाला, तर, "हिची सासू कोण हुणार हाय, तिनं आत्ताच पाठ जपून ऱ्हावं."

मॅच संपल्यावर मी घामानं भिजलेली तशीच त्याच्या टेबलापाशी गेले.

"माझा गोल कसा झाला, ते सांगा," मी म्हणाले.

"झाला की. फळ्यावर लिवलाय त्यो बघ."

"कुठल्या पायानं?"

तो शेजारच्यांकडं बघून हसला. "ओ पावणं, पोरीला कुणीतरी पाणी द्या."

त्या दिवशी फुटबॉलमधला मोठा अन्याय मला कळला. मैदान न देणं, प्रवासाची आबाळ, हे सगळं सोसता येतं. पण आपण एक गोष्ट जीव ओतून करावी, ती हजारोंनी बघावी, आणि जिथं ती सांगायची तिथं बसलेल्या माणसानं ती सांगूच नये, हे सोसत नाही. तो माइक मला तेव्हा पाहिजे झाला. बोलायची हौस म्हणून नव्हे, रागानं.

त्याच सुमारास जयसिंगपूरच्या एका व्यापारी घरातून मला सांगून आलं होतं. मुलाचे मामा नेमके ती फायनल बघायला आले होते. चार दिवसांनी निरोप आला. मुलगी चांगली हाय, पण जिच्या सासूवर लग्नाआधीच सारं गाव हसलं, ती सून घरात कशी आणायची? आव्वा, माझी आई, दोन दिवस जेवली नाही. आप्पांनी मला एवढंच सांगितलं, "एक गाडी गेली म्हणून स्टँडवर रडत बसायचं नसतं. मागनं दुसरी असती." मग म्हणाले, "आणि नसली तरी चालत जाता येतंय."

गोलकीपरला मात्र तिला काय हवंय, एवढंही कुणी विचारलं नाही. वर्षाच्या आत तिचं लग्न होऊन ती कबनूरला गेली. नवऱ्याचे यंत्रमाग होते. आणखी तिघींची लग्नं झाली. उरलेल्यांचा संघ होईना. पुढच्या हंगामात राज्याच्या सराव शिबिरात माझा गुडघा फिरला, तो नीट झालाच नाही. मला एसटीत बसवून देण्यापलीकडे फुटबॉल संघटनेतल्या कुणी काही केलं नाही. गुडघा कसा आहे, हे विचारायलाही कुणी आलं नाही.

शेजारच्या जिल्ह्यातल्या रेडिओ केंद्राला तात्पुरते निवेदक हवे होते. मी एसटीनं आवाजाच्या चाचणीला गेले. कार्यक्रम अधिकारी म्हणून एक गृहस्थ होते, सभ्य, हळू बोलणारे. ते म्हणाले, "आवाज चांगला आहे. पण तुम्ही आत येताना 'मी आलो' म्हणालात."

"व्हय," मी म्हणाले.

"बाईमाणसानं 'मी आले' म्हणायचं. आणि व्हय नाही, हो."

आमच्याकडं बायका 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. माझी आव्वा तसं म्हणते, तिची आव्वाही म्हणायची, आणि त्यांनी बाईपण कुठं हरवलं होतं असं मला कधी दिसलं नाही. पण मला ते काम हवं होतं. मी घरी आरशापुढं उभी राहून आले-गेले-बसले घोकलं. अक्का बघून हसायची.

मला महिलांचा कार्यक्रम दिला आणि बाजारभाव दिले. गुळाचे भाव वाचले, लोणच्याची कृती वाचली. दर आठवड्याला मी अधिकाऱ्यांना म्हणायचे, मला खेळ द्या. शेवटी ते म्हणाले, "रविवारी फुटबॉलचा वृत्तान्त सुरू करतोय. तुम्ही मॅच बघा आणि लिहून द्या."

मी मॅच बघितली. बचाव कुठं फाटला, मधल्या फळीतला कोण दमला आणि त्यामुळं गोल कसा झाला, हे सगळं मी मन लावून लिहिलं. माझ्या तोंडी बसेल असं लिहिलं. नेऊन दिलं तर अधिकारी म्हणाले, "छान. फक्त 'मी मैदानावर होते' याचं 'होतो' करा."

मला वाटलं, आता यांना आमची बोली पटायला लागली. मग कळलं, वाचणार माइकवाला आहे.

रविवारी अक्काच्या स्वयंपाकघरात रेडिओ लागला होता. तो ओळखीचा आवाज म्हणाला, "श्रोतेहो, मी मैदानावर होतो." मग माझी वाक्यं एकामागून एक आली. अक्काचे दीर पाटावर जेवत होते. ते म्हणाले, "या माणसाला खेळ कळतो बाबा." मी वाढता वाढता थांबले. हातातली पळी भिंतीवर मारावी असं वाटलं. मारली नाही, आमटी वाढली. त्याचाही मला राग आला.

दोन हंगाम हे चाललं. ज्यांनी मला 'होतो' म्हणायला बंदी केली, त्यांनीच माझ्याकडून दर रविवारी 'होतो' लिहून घेतलं. माझ्या तोंडी तो गावंढळपणा आणि त्याच्या तोंडी तो अधिकार. माइकवाला स्टुडिओच्या दारात भेटायचा, कागद घ्यायचा आणि म्हणायचा, "अक्षर झ्याक हाय तुझं." अक्षराबद्दलच बोलायचा.

एका शनिवारी मी अधिकाऱ्यांना सांगितलं, "मी वाचणार असेन तर लिहिते. नाहीतर नाही."

"हे बघा," ते समजुतीनं म्हणाले, "बाईच्या तोंडून फुटबॉल लोकांना पटत नाही. रेडिओ बंद करतील."

"मग बंद करू देत."

मी लिहिणं थांबवलं. माझ्या मनात होतं, आता माइकवाल्याची फजिती होणार. काही झाली नाही. तो स्वतःच्या मनानं बोलू लागला, "काय तो गोल, काय तो उत्साह", आणि लोक तितक्याच आवडीनं ऐकत राहिले. माझ्यावाचून कुणाचं अडलं नाही, याचा राग सगळ्यांत वाईट होता, कारण तो कुणावर काढायचा तेच कळेना.

पुढच्या वर्षी कोल्हापुरात मुलींची राज्य पातळीवरची स्पर्धा ठरली. खेळाच्या बाईंनी मला जुन्या मुलींना भेटून यायला सांगितलं, म्हणून मी कबनूरला गेले. गोलकीपर मागावर उभी होती. मागांचा खडखडाट इतका की ती माझ्या कानाला तोंड लावून बोलत होती. खेळायला येणं तिला शक्यच नव्हतं. कडेवर एक मूल होतं आणि दुसरं येणार होतं. मग ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली आणि म्हणाली, "रेडिओवर ते तूच लिहीत हुतीस न्हवं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगनार? एकदा त्यात आलतं, गोलकीपर पुढं यायला भितोय कारण मागं त्याचा बॅक भरवशाचा न्हाय. त्या माणसाला हे कुठनं ठावं? हे तू मला ओरडून सांगायचीस." तिनं पदरानं मुलाचं नाक पुसलं. "आणि आता बंद केलंस, तेबी कळलं मला. आता काय ऐकण्यासारखं न्हाई त्यात."

परत येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडले. बरं वाटलं म्हणून रडले आणि ती तिथं मागावर उभी आहे म्हणूनही रडले.

स्पर्धेच्या फायनलचा उत्तरार्ध रेडिओवरून थेट द्यायचं ठरलं. माइकवाल्यानं साफ सांगितलं, "बायकांच्या मॅचला मी घसा झिजवणार न्हाई." अधिकाऱ्यांकडं दुसरं माणूस नव्हतं. मला बोलावलं.

टेबलावर माइक, कानाला हेडफोन, समोर मैदान. पहिली दोन मिनिटं मी नुसता स्कोअर आणि वेळच सांगत राहिले. मग एका मुलीनं मधून सुंदर पास काढला आणि मी तो सांगितला. कुणी दिला, कुणाला दिला, कुठून दिला, का दिला. मग थांबलेच नाही. प्रत्येक मुलीचं नाव घेतलं. गोल झाला तेव्हा कुठल्या पायानं, हे आधी सांगितलं.

मॅच संपल्यावर अधिकारी म्हणाले, "बरं झालं. पण दोनदा 'मी बघतो' म्हणालात."

"व्हय," मी म्हणाले. "म्हणालो."

ते हेडफोनची तार गुंडाळू लागले.

केंद्रावर पोस्टकार्डं आली. काहींत शिव्या होत्या, काहींत बाईला परत आणा असं होतं. मला पुरुषांच्या मॅचना घेतलं, पण माइकवाल्याच्या शेजारी. खेळाचं त्यानं सांगायचं आणि मी गर्दी, हवा, पाहुणे यांचं वर्णन करायचं, अशी वाटणी होती. मी काही मॅच गर्दी आणि हवा सांगितली. मग एका फायनलला त्यानं समोर घडलेला ऑफसाइड चुकीचा सांगितला. मी मध्ये बोलले. त्यानं माइकवर पंजा ठेवला. मी त्याचा पंजा उचलून टेबलावर ठेवला आणि ऑफसाइड का होता ते श्रोत्यांना सांगितलं.

मध्यंतरात पाहुण्यांचं वर्णन करायची माझी पाळी आली. समोर फुटबॉल संघटनेचे सगळे पदाधिकारी फेटे बांधून बसले होते. त्याच आठवड्यात त्यांनी कॉलेजच्या नव्या मुलींना मैदान नाकारलं होतं, उरलेल्या उजेडातलंही. मी फेट्यांचे रंग सांगितले आणि म्हणाले, "याच मान्यवरांनी मुलींना सरावासाठी मैदान देता येणार नाही असं कळवलं आहे. मैदान आत्ता रिकामं आहे. मला इथून दिसतंय."

माझं काम त्याच दिवशी काढून घेतलं. हंगाम संपेपर्यंत मी स्टुडिओत पाऊल ठेवलं नाही. आप्पा तोवर निवृत्त झाले होते. ते कोल्हापूरला आले आणि एवढंच म्हणाले, "खोटं बोललीस काय?" मी नाही म्हणाले. "मग जेव."

मॅच मात्र मी एकही चुकवली नाही. तिकीट काढून पायऱ्यांवर बसायचे, पुरुषांच्या मधोमध. कुणीतरी ओळखायचंच. "बाई, आज खाली न्हाई व्हय?" मी कारण सांगायचे, मागच्या दोन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात. कुणी हसायचे, कुणी तोंड फिरवायचे, काही जण पदाधिकाऱ्यांच्या दिशेनं बघून शिवी हासडायचे.

पुढच्या हंगामात अधिकारी बदलले आणि नव्यांनी मला परत बोलावलं. मुलींना मैदान तोवर मिळालं नव्हतं. पहिल्याच मॅचला, माइक सुरू झाल्याबरोबर, मी ते सांगितलं.