गॅरेजच्या दाराकडे कान

समोर राहणाऱ्या वहिनी माझ्या स्वयंपाकघरात बसल्या तरी त्यांचा एक कान स्वतःच्या घराच्या गॅरेजकडे असायचा. दाराची घरघर ऐकू आली की बोलणं अर्धं राहायचं आणि चहाही. "हे आले," म्हणून त्या चपला हातात घेऊनच पळायच्या. आमच्या चँडलर गावच्या वाळवंटी उन्हात, तापल्या डांबरावरून, अनवाणी.

ईरा, निखिल, सुट्टीत तुम्हाला संत्री सोलून द्यायच्या त्या याच. त्या इतकं हळू बोलायच्या की ईरा, तू मला विचारायचीस, "आजी, इज शी टेलिंग अ सीक्रेट?"

त्यांच्या यजमानांनी कधी हात उगारलेला मी पाहिला नाही. आवाजही चढवत नसत. "तू नको त्रास घेऊस, मी आहे ना," म्हणायचे आणि बँक, फोन, औषधं सगळं स्वतःकडे ठेवायचे. आमच्याकडे मतपत्रिका टपालाने घरी येते. दोघांच्याही मतपत्रिका तेच भरायचे. वहिनींनी फक्त पाकिटावर सही करायची. मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणात मी एकदा त्यावरून छेडलं, तर म्हणाले, "एका घरात दोन मतं कशाला, ताई? एकमेकांना खोडायला?" सगळे हसले. वहिनीही हसल्या, ओढणीचं टोक बोटाला गच्च गुंडाळत.

नागरिकत्वाची शपथ आम्ही दोघींनी एकाच दिवशी घेतली होती. परतताना गाडीत त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या होत्या, "आता मत माझंच ना?"

गेल्या निवडणुकीत त्यांनी आपलं मतपत्रिकेचं पाकीट यजमानांच्या आधीच पत्रपेटीतून काढलं आणि थेट माझ्याकडे आणलं. मी पाठ फिरवून भांडी आवरत राहिले.

"ताई, हे शाळेच्या बोर्डाचं कुणाला देऊ?"

"माहितीपत्रक वाचा. मी सांगणार नाही."

"तुम्हीपण ना. कधी नव्हे ते विचारतेय."

मग आम्ही लायब्ररीजवळच्या मतपेटीत ते पाकीट टाकून आलो.

पाकीट पोचलं की निवडणूक कार्यालयाकडून फोनवर मेसेज येतो. वहिनींच्या नावापुढे नोंदवलेला नंबर मात्र यजमानांचा होता, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पुढे बरेच दिवस समोरचे पडदे बंद राहिले. मी बेल वाजवली, तर यजमानांनी हसतच दार उघडलं. "ती झोपलीय. तुम्ही आता त्रास घेऊ नका." त्यांच्या मागे जिन्यावर वहिनी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हिवाळ्यात घर विकून ते टेक्सासला गेले.

मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "ताई, इथे केंद्रावर जाऊन मत द्यायचं. आत एकटीनेच असायचं ना?"

"एकटीनेच."

"हे म्हणतात, मशीन तुला जमणार नाही, मी मदतीला येतो."

"केंद्रावर बसलेल्या बाईंना सांगा, मदत नको म्हणून. त्या यांना आत येऊ देणार नाहीत."

मग म्हणाल्या, "म्हणजे ह्यांच्यासमोर म्हणायचं. मोठ्याने."

"हो. आत्ता म्हणून बघा."

"आय डोन्ट नीड हेल्प."

"ऐकू आलं नाही, वहिनी."

"आय डोन्ट नीड," एवढं जरा मोठ्याने आलं. मग त्यांच्यामागे ती ओळखीची घरघर सुरू झाली आणि फोन बंद झाला.

मतदानाला अजून काही दिवस आहेत. मी फोन जवळ ठेवून झोपते. मला उलटा फोन करता येत नाही. तिकडे वहिनींचा फोन वाजला, तर तो कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही.