जामीन दादा, चिप्स आमच्या

नवरा-बायकोनं मिळून धंदा काढला की पैसा साठेलच असं नाही, किस्से मात्र साठतात. पैसा खर्च तरी होतो. किस्से जात नाहीत! पाहुणे आले की सुहास एक सांगतो, मी म्हणते "तसं नव्हतंच ते," आणि चहा गार होतो.

आमचा धंदा चिकूच्या चिप्सचा. घर घोलवडला, स्टॉल तलासरीजवळ, गुजरातच्या सीमेलगत हायवेवर. घोलवडला चिकू रग्गड, पण उन्हात वाळवायचे म्हणजे माश्या, कावळे आणि ढगांची कृपा. म्हणून २०१४ साली बँकेतून कर्ज काढून ड्रायर घेतला. बँकेला जामीन हवा होता. आणि पगारदार माणूस आमच्या ओळखीत एकच, माझा थोरला भाऊ. वाणगावला शाळेत मास्तर.

•

कागद घेऊन आम्ही दादाच्या घरी गेलो. दादानं सगळी पानं वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. "हप्ता चुकला तर पत्र कुठं येणार?"

"तुमच्या शाळेत," सुहास म्हणाला. हा माणूस खोटं बोलत नाही, तीच पंचाईत!

दादाच्या डोळ्यांपुढे हेडमास्तरांचं टेबल आलं असणार. त्यानं खिशातलं पेन काढलं, कागदावर टेकवलं, झटकलं, पुन्हा टेकवलं. "बेबी, पेन चालत नाही गं. राहू दे, पुढच्या रविवारी बघू."

आतून वहिनी आली. दादासमोर दुसरं पेन ठेवलं आणि म्हणाली, "हे चालतं."

सही झाली. निघताना दादा मला दारात म्हणाला, "बेबी, माझी इज्जत आता तुझ्या चिकूवर आहे हं." तेव्हापासून दर महिन्याची पाच तारीख, हप्त्याची, मी कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवायला लागले. ड्रायर गेला तर गेला, पण दादाच्या शाळेत पत्र? मेले तरी चालेल, ते नको!

•

सुहासचा स्वभाव विकायचा नाही, वाटायचा. "चाखून बघा, चाखून बघा!" हा त्याचा मंत्र. एकदा मुंबईची मोठी गाडी थांबली. आजी-आजोबा, आई-बाप, तीन पोरं. सगळ्यांनी चाखलं. मग पुन्हा चाखलं. एक अख्खं पाकीट चाखण्यात गेलं!

शेवटी आजोबांनी ढेकर दिली आणि विचारलं, "पाण्याची बाटली मिळेल का हो?"

आम्ही पाणी विकत नव्हतो. सुहासनं स्वतःची बाटली दिली. वर म्हणतो, "गोड खाल्लं की तहान लागतेच!"

•

मग मी पैशांचे दोन डबे केले. एकावर 'घर', एकावर 'धंदा'. एका डब्यातले पैसे दुसऱ्या कामाला काढायचे नाहीत, काढायचे तर दुसऱ्याला विचारून. आठ दिवसांत साहेबांनी 'धंदा'मधून वडापाव खाल्ला!

"हे काय?"

"धंद्यासाठीच खाल्ला. उपाशी माणूस विकणार कसा?"

मी त्याच आठवड्यात 'धंदा'मधून एक साडी आणली. विटक्या साडीतल्या बाईकडून चिप्स कोण घेणार? त्यानंतर वडापाव 'घर'मधून यायला लागला. त्यातही अर्धा माझ्यासाठी.

•

दुसरी भानगड गुजरातीची. सुहास मराठीत बोलला तर भाव टिकतो. गुजरातीत शिरला की "अरे, तमे तो घरना माणस!" करून भाव निम्म्यावर! म्हणून नियम केला, गुजराती गिऱ्हाईक माझं. आणि मी गुजराती येत नसल्यासारखं दाखवायचं.

एक जोडपं आलं. पाकीट शंभरचं. बाई नवऱ्याला म्हणाली, "बेनने गुजराती नथी आवडतुं लागे छे. भोळी छे, साठमां आपी देशे." म्हणजे हिला गुजराती येत नाही, भोळी आहे, साठला देऊन टाकेल! मी आपली चिप्स नीट लावत राहिले. तिनं मला हिंदीत विचारलं, "साठ में दोगी?"

मी हसून म्हटलं, "साठमां तो खाली थेली आवे, बेन!" साठला नुसती रिकामी पिशवी!

नवरा इतका हसला, इतका हसला, की चार पाकिटं घेऊन गेला. शंभरनं.

•

दादाचा फोन मात्र दर पाच तारखेला यायचा. "सहजच केला गं. पाऊस आहे का तिकडे?" फेब्रुवारीतसुद्धा पाऊस! मी म्हणायचे, "भरला, दादा." तो म्हणायचा, "काय? मी पावसाचं विचारतोय." आणि फोन ठेवायचा.

एकदा मात्र हप्त्याला पैसेच नव्हते. अवकाळीनं चिकू नासला होता, आणि वापीचा एक दुकानदार आमच्या चिप्सचे दोन महिन्यांचे पैसे दाबून बसला होता. सुहास तीनदा जाऊन आला. तिन्ही वेळा चहा पिऊन आला! चार तारखेला रात्रभर मला झोप नाही. पाच तारखेला सकाळी मी म्हटलं, "चल, आज मी येते. चहा मी पिणार नाही."

दुकानदारानं "बसा, बसा" केलं. बसले. मस्त त्याच्या गल्ल्याशेजारीच बसले! डबा काढला, पोळीभाजी खाल्ली. मग येईल त्या गिऱ्हाईकाला सांगायला लागले, "चिप्स घ्या ना, आम्हीच करतो. यांनी पैसे दिले की अजून करू!"

तिसऱ्या गिऱ्हाईकाला दुकानदारानं हात जोडले. गिऱ्हाईकाला नाही, मला! पैसे मोजून हातात.

स्कूटरवरून डहाणूला बँकेत पोचलो तेव्हा वॉचमन शटरला हात लावत होता. सुहास लांबूनच ओरडला, "थांबा हो, दादाची इज्जत आहे!" वॉचमनला काय कळलं देव जाणे, पण थांबला. पावती हातात आली आणि फोन वाजला.

"सहजच केला गं. पाऊस आहे का?"

"नाही रे दादा," मी म्हटलं, आणि बँकेत भोकाड पसरलं. सुहास कॅशियरला सांगतोय, "काही नाही, आनंद झालाय तिला!"

•

२०१९ मध्ये कर्ज फिटलं. हुश्श! बँकेचा कागद आणि चिप्सचा मोठा डबा घेऊन आम्ही थेट वाणगाव गाठलं. पाच वर्षांत दादानं आमच्या चिप्सला तोंड लावलं नव्हतं. म्हणायचा, दात दुखतात.

दादानं कागद वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. घडी घालून देवापुढे ठेवला आणि आरामखुर्चीत असा काही पाठ टेकून बसला, की मलाच हलकं वाटलं. मग डबा उघडून एक चिप तोंडात टाकली. दुसरी टाकली. "बेबी, चांगल्या लागतात की गं!"

"दात?" वहिनीनं विचारलं.

"थांबले दुखायचे."

सगळे हसलो. चहा आला. आणि चहाचा पहिला घोट घेऊन सुहास म्हणाला, "दादा, वापीला पॅकिंगचं एक मशीन बघून ठेवलंय..."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. वहिनी कप हातात धरून उभीच राहिली. दादानं अजून एक चिप खाल्ली. खिशातलं पेन काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा खिशात ठेवलं.

मग म्हणाला, "अगं, ते चालणारं पेन आण!"