मेथी टोरांटोला पोचते का?

रिसोडच्या स्टँडवर बाबांनी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मेथीची जुडी माझ्या मांडीवर ठेवली तेव्हा मी भयंकर चिडले होते. नवी बॅग, नवे बूट, अन् सोबत गोणपाट! एसटी हलली तरी बाबा खिडकी धरून चालत होते.

"किती तास म्हनली तू?"

"सोळा, बाबा."

"मंग पोचते मेथी," म्हणाले आणि मगच त्यांनी खिडकी सोडली.

आम्ही भाजीवाले. बाबा अंतर किलोमीटरमध्ये मोजतच नाहीत. आमच्या शेजारचं मालेगाव म्हणजे मेथी ताजी पोचते तेवढं. अकोला वांग्याचं. त्यापुढचं सगळं जग कोहळ्याचं.

सोळा तास हे नुसते दिल्ली ते टोरांटो. त्याआधीची नागपूरची बस, दिल्लीचं विमान आणि तिथलं ताटकळणं मी सांगितलंच नव्हतं. उगाच काळजी करत बसतील म्हणून. टोरांटोला उतरले तेव्हा जुडीचा काळा लगदा झाला होता. तपासणीवाल्याने हातमोजे घालून ती कचऱ्यात टाकली आणि मी तिथंच, परक्या रांगेत, रडले. फोनवर मात्र म्हणाले, "भाजी केली बाबा. काय कोवळी होती!"

त्याला सहा वर्षं झाली. तुमच्यातलंही कोणी असं गोड खोटं बोललं असेल, तर ते किती टोचतं हे तुम्हाला सांगायला नको.

बाबांच्या चौकशा चालूच. विमान जेवायला कुठं थांबते? खाली पाणीच पाणी, तं डायवरले रस्ता कसा समजते? एकदा मी म्हटलं, येताना चौदाच तास लागतात.

"असं काहून?"

"वरचा वारा तुमच्याकडे वाहतो बाबा. येताना तो पाठीशी असतो."

"म्हंजे घराकडं उतार हाय म्हन ना!"

हे मी इथं भेटेल त्याला सांगत सुटले.

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले, शेजारच्यांची सून तिकडंच येऊन राह्यली, तिच्याजवळ मेथी धाडतो. मग मात्र मला राहवेना.

"बाबा, ती मेथी मी खाल्लीच नाही. सडली होती. फेकून दिली त्यांनी."

"मले ठाव हाय."

"काय?"

"तू निघाली मंगळवारी सकाळी. फोन आला गुरुवारी सांजेले. अडीच दिवसाची मेथी कोवळी? भाजीवाल्याले मेथी शिकवतं काय माय?"

"मग आता परत कायले धाडून राह्यले?"

"कोन येऊन राह्यलं इथून! तुले खरं सांगाले किती दिस लागतात ते पाह्यत होतो. सा वर्स लागले."

हसावं की रडावं कळेना, दोन्ही झालं. त्याच आठवड्यात तिकीट काढलं. तारीख सांगितली तशी बाबांनी बोटांवर मोजली.

"महिना हाय. मंग आजच मेथी टाकतो. भाजी तुह्यापरेंत येत नाई, तं तूच ये भाजीपरेंत. पन टायमावर ये, मेथी वाट पाह्यत नसते."

आता ते रोज फोनवर वाफा दाखवतात. घर किती लांब, असं काल ऑफिसात कोणी विचारलं. मी म्हटलं, मेथी चार पानांवर आली आहे.