क्लोव्हिसचे दात आणि टेकडीवरचा टर्की

क्लोव्हिस स्टीगल माझ्या शेजारच्या शेतावर राहतो. त्याच्या आणि माझ्या रानाच्या मध्ये एक ओढा आहे आणि एक तारेचं कुंपण आहे. गाईंना ते अडवतं. क्लोव्हिसच्या बोलण्याला त्याने कधी अडवलं नाही. लोकांच्या विहिरींचे पंप दुरुस्त करणं हा त्याचा जोडधंदा. पंप तासाभरात चालू व्हायचा, पण तो कसा चालू केला हे ऐकण्यात घरच्या माणसाची दुपार जायची. तरी लोक त्यालाच बोलवायचे, कारण काम चोख होतं आणि हिवाळ्यात आमच्या या डोंगराळ मुलखात दुसरी करमणूक तरी कुठली?

एप्रिल लागला, ओढ्याकाठची झाडं फुलली, ओकला खारीच्या कानाएवढी पानं फुटली, की रानटर्कीच्या नरांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायचा. तेव्हा क्लोव्हिस पंपाबिंपांना हात लावत नसे. घोड्याच्या नालाच्या आकाराची एक चपटी शिट्टी असते, मध्ये पातळ रबर ताणलेलं. ती जिभेने टाळूला चिकटवायची आणि श्वास सोडायचा, म्हणजे मादीसारखा आवाज निघतो. क्लोव्हिसच्या तोंडात ती असली की मादी रुसली आहे, हाक मारते आहे की नुसतीच झाडावरून उतरते आहे, इथपर्यंत कळायचं. जत्रेत टर्की बोलावण्याची स्पर्धा असते, ती त्याने इतक्यांदा जिंकली की पुढे पुढे त्याला परीक्षक करून टाकलं. दुसऱ्यांना बक्षीस मिळावं म्हणून.

आवाज उत्तम, पण टर्की मात्र त्याला नेहमीच मिळायचा असं नाही. त्याचं कारण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. नर पहाटे झाडावर बसल्या बसल्या आरवतो, मग खाली उतरतो, पिसारा फुलवतो आणि उभा राहतो. मादीने त्याच्याकडे चालत जायचं, ही त्यांच्यातली रीत. शिकारी बसतो झुडपात आणि नराला आपल्याकडे बोलावतो, म्हणजे सगळा उलटा कारभार. आता मादी जर एकसारखी हाका मारत राहिली, तर नर का म्हणून पाय उचलेल? त्याला वाटतं, एवढी आतुर आहे तर येईलच. मादी अचानक गप्प झाली, तर मात्र त्याच्या मनात येतं की गेली की काय, आणि तो बघायला निघतो. क्लोव्हिसला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडात शिट्टी असताना गप्प बसणं वेगळं. माझ्या टेकडीवर एक जुना नर होता, छातीवरची राठ केसांची दाढी जवळजवळ जमिनीला टेकलेली. तो दोन वसंत क्लोव्हिसच्या हाका ऐकत एकाच जागी उभा राहिला. मला तर वाटायचं, तो गाणं ऐकायलाच येतो.

माझा नवरा हर्शेल याच्या अगदी उलट. त्याच्याकडे देवदाराचा एक लहानसा खोका होता. त्याच्या झाकणाला खडू लावून ते कडेवर घासलं की मादीचा आवाज निघतो. हर्शेल झाडाला टेकून बसायचा, तीन वेळा झाकण घासायचा आणि टोपी डोळ्यांवर ओढून झोपायचा. त्याला दरवर्षी टर्की मिळाला. तो गेल्यावर खोका माझ्या कपाटात पडून होता.

मग एका हिवाळ्यात क्लोव्हिसचे दात गेले. एकेक करून किडत होतेच. दोन त्याने स्वतः पकडीने उपटले होते, त्याचीही हकीकत आम्ही ऐकली होती. शेवटी शहरातल्या दाताच्या डॉक्टरने उरलेले सगळे काढले आणि कवळी दिली. कवळी दिसायला छान होती. पण तिच्याआड बोलताना प्रत्येक स आणि श बरोबर शीळ निघायची, आणि तो हसला की वरची पट्टी खाली सरकायची.

पेंडीच्या दुकानात लोक एकदा हसले. वाईट मनाने नव्हे, कोणालाही हसू आलं असतं. पण क्लोव्हिस परत तिथे गेला नाही. पंपाचं काम आलं तर आर्वेलाला, म्हणजे त्याच्या बायकोला, निरोप द्यायला लावायचा की तब्येत बरी नाही. चर्चमध्ये तो मागच्या बाकावर ओठ मिटून बसायला लागला. आर्वेलाने सांगितलं की घरात सुद्धा तो मानेनेच हो-नाही करतो आणि दिवसभर खिडकीशी बसून असतो.

फेब्रुवारीत एकदा ती माझ्याकडे अंडी घ्यायला आली आणि अंडी न घेता बसून राहिली.

"मावशी, चाळीस वर्षं मी देवाकडे मागत होते की या माणसाला जरा गप्प बसव," ती म्हणाली. "आता दिलेलं परत कसं करायचं तेवढं सांग."

मी म्हटलं, एप्रिल येऊ दे. तर तीच खरी काळजी होती. कवळी घातली की शिट्टी टाळूला चिकटत नव्हती, कवळी काढली की शिट्टीला धरायला काही उरत नव्हतं. क्लोव्हिसने कोठारात जाऊन दोन्ही करून पाहिलं होतं, आणि आर्वेलाच्या म्हणण्याप्रमाणे कोंबडीचा गळा दाबल्यासारखा आवाज आला. त्या रात्री जेवताना तो चार शब्द बोलला. या वसंतात टर्की नाही मिळाला तर बंदूक विकणार, म्हणाला. त्याचा भाऊसुद्धा असाच बंदूक विकून घरात बसला होता. दुसऱ्या वर्षी त्याला पुरला. आर्वेला ते बोलली नाही, पण आम्हा दोघींना आठवत होतं.

मी कपाटातून हर्शेलचा खोका काढला, झाकणाला नवा खडू लावला आणि कुंपणापाशी गेले. क्लोव्हिस तार ताणत होता. मला बघून त्याने हात तोंडाकडे नेला.

"पोरासोरांचं खेळणं आहे हे," खोका बघून तो हाताआडून म्हणाला.

"हर्शेल पोर होता का रे?"

"हर्शेल झाडाखाली झोपायचा, मावशी."

"झोपायचा. आणि उठायचा तेव्हा टर्की समोर उभा असायचा."

त्याने खोका घेतला, पण मेलेला उंदीर शेपटीला धरून घ्यावा तसा.

हंगाम तीन आठवड्यांचा. पहिले दोन तर असेच गेले. पहाटे त्याचा ट्रक माझ्या फाटकातून आत जायचा आणि नऊच्या सुमाराला रिकामा परत यायचा. टेकडीवरून आवाज म्हणून येत नव्हता. जुना नर मात्र रोज आरवत होता, ओट्यावर उभं राहिलं की ऐकू यायचं. मला उगाच वाटलं, तोही बुचकळ्यात पडला असेल. नंतर कळलं की क्लोव्हिसने खोका ट्रकमधून खाली उतरवलाच नव्हता. नुसता जाऊन बसायचा, माद्यांचा घोळका नराला दुसऱ्या उतारावर घेऊन गेला की उठून यायचा.

शेवटच्या शनिवारी आर्वेलाने ट्रकमधला खोका त्याच्या डब्यात घातला, भाकरीच्या वर, म्हणजे खायचं म्हटलं तरी आधी तो हातात यावा.

त्या दिवशी काय झालं ते आता अख्ख्या तालुक्याला पाठ आहे, पण मी थोडक्यात सांगते. पहाटे नर आरवला, माद्या आल्या, त्याला घेऊन गेल्या. क्लोव्हिसला भूक लागली. डबा उघडला तर खोका. आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्याने तो तीन वेळा घासला. गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. खोका त्याने पाचोळ्यात उलटा घातला. खालच्या उतारावरून नराने एकदाच उत्तर दिलं. एरवी क्लोव्हिसने तिथून पुढे तासभर त्याच्याशी गप्पा मारल्या असत्या. आता गप्पा मारायला तोंडच नव्हतं. हिरड्या दुखत होत्या म्हणून त्याने कवळी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली, झाडाला टेकला आणि गोचिडी झटकत बसला.

दहाच्या पुढे माद्या एकेक करून अंड्यांवर बसायला सटकतात. नर एकटा पडतो. आणि एकटा पडला की त्याला आठवतं की सकाळी वरच्या अंगाला कोणीतरी एकदा बोललं होतं आणि मग गप्प झालं होतं. क्लोव्हिस नऊलाच उठून येणारा माणूस. त्या दिवशी तो उठला नाही, कारण घरी जाऊन परत खिडकीशी बसायचं होतं. एवढंच कारण. मग पाचोळा वाजला. आरवणं नाही, काही नाही, फक्त लांबून ट्रक जावा तसा छातीतून घुमणारा एक आवाज. आणि पांढरं-निळं डोकं झाडाआडून बाहेर आलं.

मी कुंपणाकडेला पालेभाजी खुडत होते. बंदुकीचा आवाज एकदाच आला. एकदाच आला म्हणजे काम झालं, लागोपाठ तीन आले की समजायचं निसटला.

अर्ध्या तासाने ट्रक माझ्या दाराशी थांबला. मागे टर्की पडला होता, उन्हात पिसं तांब्यासारखी चमकत होती. क्लोव्हिसने खोका पुसून माझ्या हातात दिला. मान हलवली. मी म्हटलं, चांगलं झालं. तो जाईना. मग मला कळलं की अडचण काय आहे.

आमच्याकडे त्या वेळी मारलेला टर्की त्याच दिवशी नोंदवावा लागायचा, आणि नोंदणी व्हायची बर्लच्या पेंडीच्या दुकानात. तिथेच तो हिवाळ्यापासून गेला नव्हता. शनिवारची दुपार, हंगामाचा शेवटचा दिवस, म्हणजे सगळं गाव दुकानाच्या ओट्यावर.

"तू ने," तो म्हणाला.

"ज्याने मारला त्याने न्यायचा असा नियम आहे. आणि मी या वयात बावीस पौंडांचा पक्षी उचलू का?"

"बरोबर तरी ये."

मी बाजूला बसले. दुकानापुढे ट्रक उभा केला आणि चाक दोन्ही हातांनी धरून बसून राहिला. इंजिन चालूच. ओट्यावरच्या माणसांनी मागे काय आहे ते बघितलं आणि ती उठून आली. पाठीशी टर्की आणि समोर माणसं, आता कुठे जाणार? त्याने खिशातली कवळी काढून तोंडात बसवली आणि उतरला.

बर्लने टर्की काट्याला लावला, दाढी मोजली, नखं बघितली. त्याने मुद्दामच वेळ लावला.

"हा तर ऑर्फा मावशीच्या टेकडीवरचा म्हातारा," तो म्हणाला. "कसा काय बोलावलास? तुझ्या तोंडात शिट्टी राहत नाही म्हणे."

क्लोव्हिसने माझ्याकडे बघितलं. मी पेंडीच्या पोत्यांकडे बघितलं.

"बोलावला नाही," क्लोव्हिस म्हणाला. "तीनदा खोका घासला आणि गप्प बसलो."

त्या 'घासला'ला आणि 'बसलो'ला अशी शीळ निघाली की दुकानातलं कुत्रं उठून उभं राहिलं. कोणी हसलं नाही. बर्लने पेन्सिल कानामागून काढली.

"गप्प? तू? मग हा दुसऱ्याच कोणीतरी मारलेला दिसतोय. नाव काय लिहू?"

आधी क्लोव्हिसच हसला. वरची पट्टी सरकली, ती त्याने अंगठ्याने जागेवर दाबली आणि तसाच अंगठा लावून सांगायला सुरुवात केली, पहाटेपासून. डब्यातल्या भाकरीपासून. कोणीतरी विचारलं, नर आला तेव्हा दात कुठे होते, तर तो म्हणाला की खिशात, आणि बंदुकीच्या दणक्याने ते एकदा आपले आपण चावले. मग तेच दोन वेळा परत सांगायला लावलं. शीळ निघतच होती. थोड्या वेळाने तिच्याकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही, आणि त्याचंही राहिलं नाही. बर्लने दिलेली माझी कॉफी गार झाली. घरी कोंबड्या बाहेर होत्या. शेवटी बर्लच्या बायकोने मला घरी सोडलं, कारण क्लोव्हिस अजून माद्या सटकण्यापर्यंतच पोचला होता.

त्या म्हाताऱ्या नराचं मांस चिवट निघालं. आर्वेलाने ते दिवसभर शिजवलं, त्यात पिठाचे गोळे सोडले, आणि तरी क्लोव्हिसला चावता येईना. त्याने नुसता रस्सा प्याला, आणि पिता पिता आम्हाला तो कसा मारला ते सांगितलं. सोमवारी तो पंप दुरुस्तीला गेला. बंदूक भिंतीवर जिथे होती तिथेच आहे.

तुम्हाला वाटेल, आता त्याला गप्प बसण्याचं मोल कळलं असेल. पुढच्या हिवाळ्यात त्याने आर्वेलाच्या कात्रीने शिट्टीच्या कडा छाटल्या, कवळीच्या डिंकाने ती पट्टीला चिकटवली आणि पहिल्यासारखा आवाज निघेपर्यंत कोठारातून हलला नाही. एप्रिलमध्ये आर्वेला माझ्याकडे पाव घेऊन आली, तेव्हा उन्हं चांगली वर आली होती आणि टेकडीवरून त्याच्या हाका चालूच होत्या. रुसलेली मादी, उतरणारी मादी, सगळ्या. खालच्या उतारावर एक तरणा नर पिसारा फुलवून उभा होता आणि एक पाऊल पुढे टाकत नव्हता.

"आजही नाही मिळायचा याला," मी म्हटलं.

आर्वेलाने पाव कापला आणि खिडकी आणखी थोडी उघडली.

"नको मिळू दे," ती म्हणाली. "लोणी कुठे ठेवलंस?"